गाडी तापली की किकला दाद देत नाही (जुनी, कार्ब्युरेटरची मोटारसायकल)

मधला_गिअर (रविवार)

नमस्कार मंडळी. महिनाभर या एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी २२ वर्षांची. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, हवेवर थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटर, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). सेल्फ नाही, फक्त किक. आधी वडील चालवायचे, गेली ८ वर्षं माझ्याकडे आहे. विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सकाळी चोक ओढला की पहिल्या नाहीतर दुसऱ्या किकला लागते. २०-२५ किलोमीटर चालवली तरी काही तक्रार नाही. बंद करून १०-१५ मिनिटं थांबलो की मात्र संपलं. २० किक मारा, ३० मारा, एक भडकासुद्धा नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी केली की काही झालंच नव्हतं अशी चालू होते.

आतापर्यंत प्लग नवा घातला, एअर फिल्टर नवा घातला, कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला, पेट्रोलची नळी बदलली. आता सीडीआय बदलून बघू असं मेकॅनिक म्हणतोय. अंदाजाने अजून एक पार्ट बदलायचं जिवावर आलंय. नेमकं कुठून सुरू करू?

निवांत_प्रवासी

व्हेपर लॉक (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन ते अडणं) वाटतंय, नाहीतर टाकीला हवा मिळत नसेल. माझ्या जुन्या गाडीलाही व्हायचं. पुढच्या वेळी बंद पडली की टाकीचं झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय असं समजा. इंजिनवर थोडं पाणी मारलं तरी लवकर लागते.

स्पॅनर१४

कृपा करून तापलेल्या इंजिनवर पाणी मारू नका. हेड आणि सिलिंडरच्या पंख्या तापून फुललेल्या असतात, एकाच बाजूने गार पाणी पडलं की धातू असमान आकसतो. चीर गेली तर आजचा छोटा प्रश्न उद्या मोठा होईल. मी अशी हेडं हातात घेतली आहेत.

झाकणाचं भोक बुजलं असेल तर गाडी सहसा चालता चालता मरते. टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली यायचं थांबतं. यांची गाडी चालताना मरत नाही, बंद केल्यावर लागत नाही. तरीही झाकण उघडून बघायला हरकत नाही, त्याला पैसे पडत नाहीत.

धागाकर्त्यांना माझे तीन प्रश्न. बंद केल्याबरोबर, म्हणजे अर्ध्या मिनिटात, किक मारली तर लागते का? लागत नाही तेव्हा किक नेहमीइतकीच जड असते की पोकळ लागते? आणि धक्का मारून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर पकडते का?

पाऊलवाट

स्पॅनरदादांचा पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. त्यामागचं कारण लिहिते, म्हणजे उत्तराचा अर्थ लावता येईल.

गाडी चालू असताना कार्ब्युरेटरवरून वारा जात असतो आणि आतून सतत ताजं, गार पेट्रोल वाहत असतं, म्हणून तो फारसा तापत नाही. इंजिन बंद झालं की वाराही थांबतो आणि पेट्रोलही. हेडमध्ये साठलेली उष्णता तेव्हा मॅनिफोल्डवाटे, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या नळीतून, कार्ब्युरेटरकडे सरकते. म्हणजे कार्ब्युरेटर सगळ्यात जास्त तापतो तो गाडी बंद केल्यानंतर काही मिनिटांनी. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून जेटमधून (बारीक भोकातून) वर येतं, आत सांडतं आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. बंद केल्या केल्या लागते पण १० मिनिटांनी लागत नाही, तेव्हा हा संशय घ्यायचा.

याची खूण म्हणजे पेट्रोलचा वास, ओला प्लग, आणि लागलीच तर आधी काळा धूर. उपाय सोपा आहे. चोक बंद, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून धरायचा आणि सलग पाच-सहा किक मारायच्या. फ्लड असेल तर बहुतेक वेळा लागते.

अजून एक जागा बघा. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मध्ये जाडसर काळा बॅकेलाइटचा तुकडा असतो, उष्णता अडवायला. काम करताना तो बाजूला राहतो आणि नुसतं गॅस्केट लावून गाडी परत मिळते. असं झालेलं मी स्वतः पाहिलंय.

मधला_गिअर (मंगळवार)

सगळ्यांचे आभार. काल मुद्दाम २५ किलोमीटर फिरवून आणली.

बंद केल्याबरोबर लागली, पण चौथ्या किकला. १२ मिनिटं थांबलो, मग नाही. झाकण उघडलं, आवाज नाही, फरक नाही. किक जड आहे, नेहमीसारखीच. ॲक्सिलेटर पिळून सहा किक मारल्या, काही नाही. प्लग काढला तर चिंब ओला. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडली आणि लगेच पकडली!

बॅकेलाइटचा तुकडा जागेवर आहे, तडा नाही. पण प्लग ओला म्हणजे ओव्हरफ्लोच ना? आज फ्लोटची पिन (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) नवी घालून घेतो.

तांब्याची_तार

थांबा, पिन घालायची घाई नको. आजवर फक्त वाचत होतो, पण इथे लिहायला हवं.

ओल्या प्लगचे अर्थ दोन. एक, पेट्रोल जास्त आलं. दुसरा, पेट्रोल बरोबर आलं पण ते पेटवायला करंटच नव्हता. तीस किक मारल्यावर करंट नसलेल्या कुठल्याही इंजिनचा प्लग ओलाच निघणार. याच एका खुणेवरून लोक कार्ब्युरेटरच्या मागे लागतात आणि महिने घालवतात.

तुमच्या उत्तरात खरी बातमी आहे ती उताराची. किकला नाही पण धक्क्याला पकडते, म्हणजे कमी फेऱ्यांवर करंट अपुरा पडतोय. बऱ्याच जुन्या गाड्यांत सीडीआयला बॅटरीचा करंट जात नाही. मॅग्नेटमध्ये (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकात) त्याच्यासाठी वेगळी बारीक तारेची कॉइल असते, सोर्स कॉइल. मॅग्नेट जितका जोरात फिरेल तितका तिचा व्होल्टेज जास्त. तो सीडीआयमधल्या कपॅसिटरमध्ये साठतो, पिकअप कॉइलचा (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या छोट्या कॉइलचा) इशारा मिळाला की सगळा एकदम एचटी कॉइलमध्ये (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमध्ये) सुटतो. किकला मॅग्नेट हळू फिरतो. कॉइल तापून अशक्त झाली असेल तर किकला कपॅसिटर भरतच नाही, उतारावर भरतो.

मी मोटर वाइंडिंगचं काम करतो. तापल्यावर तुटणारी आणि गार झाल्यावर जुळणारी कॉइल हा आमच्याकडे नेहमीचा रुग्ण आहे. त्याला गार असताना तपासून काहीच सापडत नाही, आणि तुमच्या मेकॅनिकचा दोष नाही तो इथेच. गाडी त्याच्यापर्यंत पोचते तोवर ती गार झालेली असते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. गाडी लागत नाही ती २०-३० मिनिटं वाया घालवू नका. त्या वेळात किक मारत बसायचं नाही, तपासायचं. आधी प्लगला करंट आहे का ते बघा, बाकी सगळं नंतर.

स्पॅनर१४

तांब्याची_तार यांच्याशी शंभर टक्के सहमत. करंट कसा बघायचा तेही लिहितो, कारण यात हात भाजून घेणारे लोक पाहिलेत.

गाडीतला प्लग काढूच नका. तो आपल्या भोकात घट्ट राहू दे. खिशात दुसरा प्लग ठेवा, फक्त कॅप काढून या दुसऱ्या प्लगला लावा आणि त्याचा धातूचा आटा हेडच्या पंखीला घट्ट टेकवून धरा. प्लग काढून भोक उघडं ठेवलं तर प्रत्येक किकला पेट्रोलचे फवारे बाहेर येतात, आणि शेजारीच ठिणगी! पेट्रोल सांडलं असेल तर पुसा, वास जाऊ द्या, मगच किक मारा. कॅप नुसती लोंबकळत ठेवून किक मारू नका, व्होल्टेजला वाट मिळाली नाही की तो कॉइल किंवा सीडीआय फोडून वाट काढतो.

ठिणगी निळसर-पांढरी हवी, 'टक्' असा कोरडा आवाज यायला हवा. बारीक, पिवळी-नारिंगी, कधी आहे कधी नाही अशी असेल तर ती कम्प्रेशनमध्ये पेट्रोल पेटवणार नाही. ती उघड्या हवेत दिसते तेवढंच.

आधी गार गाडीवर एकदा बघून ठेवा. चांगली ठिणगी डोळ्यांत बसली की वाईट ओळखता येते.

रानवाट

थोडं विषयांतर, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या गाडीलाही तापल्यावर न लागायचा आजार होता, कारण मात्र अगदी वेगळं. स्पॅनरदादांचा दुसरा प्रश्न, किक पोकळ लागते का, तिथे माझं उत्तर 'हो' होतं. गार असताना पाय उचलून धरणारी किक तापल्यावर सायकलच्या पेडलसारखी फिरायची.

एक्झॉस्ट टॅपेटच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाच्या) फटीत फिलर गेजचं (फट मोजायच्या पत्र्यांचं) सगळ्यात पातळ पान जात नव्हतं. टॅपेटचा आवाज येतो म्हणून मीच एकदा तो घट्ट करून घेतला होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावरून जळालेला गॅस जातो, त्यामुळे तो दांडा सगळ्यात जास्त तापतो आणि लांबतो. फट ठेवलेलीच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कम्प्रेशन गळतं. असाच चालवत राहिलो असतो तर व्हॉल्व्ह जळाला असता, कारण सीटवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते.

टॅपेट नेहमी थंड इंजिनवर, पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून बघायचा. माप आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलं, शेजारच्या गाडीचं नाही. टॅपेट हलकासा टिकटिकलेला चालतो, मुका झालेला चालत नाही.

स्पॅनर१४

अगदी बरोबर. पोकळ किक असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा कम्प्रेशन बघायचं. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्हकडे बघा. पण धागाकर्त्यांची किक जड आहे, त्यामुळे त्यांनी तिकडे जायची गरज नाही.

मधला_गिअर (शुक्रवार)

फ्लोटची पिन घातली नाही, थांबलो. आज जुना प्लग, प्लग पाना, फडकं आणि मल्टिमीटर पिशवीत टाकून निघालो.

गार असताना ठिणगी निळी, खणखणीत. ३० किलोमीटर चालवून बंद केली, १० मिनिटं थांबलो, किक मारली, लागली नाही. दुसरा प्लग टेकवून बघितलं, ठिणगी नाही. आठ किकमध्ये एकदा केसासारखी नारिंगी रेघ दिसली, बस्स. इतके दिवस मी कार्ब्युरेटर उघडत होतो.

आता पुढे काय? सीडीआय, एचटी कॉइल, पिकअप, सोर्स. चारातलं कोणतं?

तांब्याची_तार

आता चोर चारच घरांत आहे. मॅग्नेटमधून ज्या तारा बाहेर येतात त्यांचा कनेक्टर शोधा, सहसा टाकीखाली किंवा साइड पॅनलच्या आत असतो. वायरिंगच्या आकृतीत सोर्स आणि पिकअपच्या तारांचे रंग बघून घ्या, गाडीप्रमाणे बदलतात. कनेक्टर सोडवून दोन्ही कॉइल आधी गार असताना ओहममध्ये मोजा आणि आकडे लिहून ठेवा. मग गाडी तापवून, लागत नाही त्या क्षणी, पुन्हा मोजा.

तापल्यावर आकडा वाढणारच, घाबरू नका. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. गार असताना २०० ओहम असेल आणि कॉइल ७० अंशांनी तापली तर २५५च्या आसपास दिसेल. ते निरोगी आहे. आकडा दुप्पट झाला, नाचायला लागला किंवा मीटरने 'ओपन' (म्हणजे तार तुटलेली) दाखवलं, तर सापडलं.

एचटी कॉइल बाहेर, टाकीखाली असते. तिचा संशय असेल तर लागत नाही त्या वेळी फक्त तिच्यावर पिळलेलं ओलं फडकं दोन-तीन मिनिटं ठेवा. ठिणगी परत आली तर तीच दोषी. प्लग कॅपही मोजा, रेझिस्टर असलेल्या कॅपला साधारण ५ किलोओहम येतो. सीडीआय शेवटी ठेवा, तो साध्या मीटरने तपासता येत नाही, एखाद्या चालू गाडीचा तोच सीडीआय लावून बघणं हाच खरा मार्ग.

मधला_गिअर (रविवार, रात्री)

वही समोर ठेवून लिहितोय.

पिकअप: गार १९८, तापल्यावर २४१. सोर्स: गार २३२. तापल्यावर आधी ३१०, मग ६४०, पुन्हा ३००, आणि इंजिनवर हाताची चापट मारली की 'ओपन'. ओलं फडकं एचटी कॉइलवर ठेवून काही फरक पडला नव्हता. प्लग कॅप ५.१ किलोओहम.

सोर्सच्या दोन तारांवर एसी व्होल्ट लावून किकही मारून बघितली. गार असताना मीटर ६०च्या आसपास उडी घेतो, तापल्यावर १४-१५.

तांब्याची_तार

सापडली! व्होल्टचे आकडे खरे मानू नका, एका किकचा झटका साध्या मीटरला पकडता येत नाही. पण त्याच मीटरवर ६० आणि १५ ही तुलना पुरेशी बोलकी आहे.

चापटीने आकडा नाचतो म्हणजे आत कुठेतरी सांधा सुटलाय, तार सबंध जळलेली नाही. कव्हर उघडल्यावर आधी तारा बाहेर पडतात तिथलं रबर बघा, मग कॉइलच्या टोकाचं सोल्डर.

पाऊलवाट

एक विनंती. तुमच्या इंजिनात मॅग्नेट काढावा लागत असेल तर त्याच गाडीचा, आट्याचा पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं अवजार) मिळवा. छिन्नी-हातोड्याने ठोकून काढलेल्या मॅग्नेटची चुंबकं सुटतात, क्रँकचं टोक वाकतं. आणि चावी, म्हणजे ती अर्धचंद्राकृती पट्टी, खाली पडू देऊ नका.

मधला_गिअर (पुढचा शनिवार)

उघडलं. बाहेरून कॉइल बघितली तर कुणीही चांगली म्हणेल. भिंग लावलं तेव्हा दिसलं. बारीक तार टर्मिनलच्या पत्रीवर जिथे सोल्डर केली आहे, तिथे सोल्डरभोवती एक काळं, गोल कडं. दात कोरायची काडी लावली तर सोल्डरचा मणी पत्रीवर सैल फिरत होता. हेअर ड्रायरने तापवून मीटर लावला, साधारण दोन मिनिटांत मणी पत्रीपासून सुटला आणि मीटरवर 'ओपन'. फुंकर मारत बसलो, परत जुळला. केसाएवढी फट, पण सगळा महिना त्या फटीने खाल्ला.

तारांचं बाहेरचं आवरणही कडक झालंय, वाकवलं की तडकतं. नुसतं सोल्डर मारू की कॉइल नव्या तारेने गुंडाळून घेऊ?

तांब्याची_तार

सोल्डर मारून चालेल, पण वार्निश तपकिरी झालेलं असेल तर गुंडाळून घ्या. वाइंडिंगवाल्याला जुनी कॉइल तशीच द्या, वेढे मोजून तेवढेच घालायला सांगा, तार त्याच जाडीची, वेढ्यांची दिशाही तीच. वेढे कमी झाले तर किकला पुन्हा अपुरी पडेल. उष्णता सोसणारं वार्निश मारून भाजून घ्यायला सांगा. बाहेरच्या तारांना जाड उष्णतारोधक नळी घाला. कव्हर बसवताना नवं गॅस्केट.

मधला_गिअर (तीन आठवड्यांनी)

अपडेट द्यायला उशीर झाला, पण मुद्दाम थांबलो होतो. पूर्ण खात्री झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

कॉइल गुंडाळून बसवली. गार २२८, तापल्यावर २८५, काटा स्थिर, चापट मारली तरी हलत नाही. तीन वेळा लांब फिरवून आणली. बंद करून ५ मिनिटांनी, १० मिनिटांनी, २० मिनिटांनी, भर उन्हात उभी करून. प्रत्येक वेळी पहिल्या-दुसऱ्या किकला लागली. तापल्यावर सिग्नलला उभी असताना अधूनमधून मिस करायची, तेही गेलं. ते मी इथे लिहिलंच नव्हतं, वयाचं असेल असं धरून चाललो होतो.

तांब्याची_तार, स्पॅनर१४, पाऊलवाट, तुम्ही थांबवलं नसतं तर मी आज नवीन सीडीआय घालून त्याच उतारावर उभा असतो. मनापासून आभार.

कडेचा_दगड

धागा पूर्ण वाचला. माझी गाडी याहून जुनी, टू स्ट्रोक, पॉइंट-कंडेन्सरची (सीडीआयऐवजी उघडझाप करणाऱ्या पॉइंटने ठिणगी सोडणारी). लक्षण हेच, तापली की लागत नाही. पण माझ्याकडे सीडीआयच नाही. मग यातलं काय लागू होतं?

स्पॅनर१४

सुरुवात तीच, लागत नाही तेव्हा करंट बघा. करंट नसेल तर पॉइंटचं कव्हर काढून किक मारा. पॉइंटच्या तोंडाशीच मोठी निळी ठिणगी उडत असेल आणि प्लगला बारीक पिवळी, तर कंडेन्सर गेलाय. तापल्यावर त्याचं आतलं इन्सुलेशन गळतं, गार झाला की परत काम करतो. पॉइंटची तोंडं जळकी, खड्डे पडलेली असतील तर तीही त्याचीच खूण.

करंट चांगला असेल आणि तरी लागत नसेल, तर टू स्ट्रोकमध्ये क्रँकची ऑइल सील बघावी लागेल. तापल्यावर कडक झालेली सील हवा ओढते आणि मिश्रण पातळ होतं. पण ते नंतरचं. कंडेन्सर स्वस्त आहे, तरीही आधी ठिणगी बघा, मग बदला.

कडेचा_दगड

समजलं. खिशात जुना प्लग ठेवलाय. उद्या फिरवून आणतो आणि तापल्यावर कव्हर उघडतो. काय दिसतं ते इथेच लिहीन.